चेकआउटच्या सकाळी झाडू कोणाच्या हातात?

अर्धवट_बॅग
सुट्टीसाठी भाड्याने घेतलेल्या घरात फ्रिजवर एक कागद लावलेला असतो : 'निघण्यापूर्वी कृपया'. पूर्वी त्यावर दिवे बंद करा, दार ओढून घ्या, चावी डब्यात टाका एवढंच असायचं. हल्ली तो कागद खाली खाली वाढत चाललाय. एक नमुना देतो : सगळ्या चादरी-अभ्रे काढून मशीनला लावा, टॉवेल वेगळे लावा, भांडी घासून पुसून जागेवर ठेवा, फ्रिज रिकामा करून आतून पुसा, व्हॅक्यूम करा, फरशी पुसा, बाथरूमच्या काचा कोरड्या करा, कचरा वेगवेगळा करून कोपऱ्यावरच्या कुंडीत टाका, बार्बेक्यूची जाळी घासा, राख काढा, फर्निचर मूळ जागी, एसी बंद, पाणी तापवायचं बंद, खिडक्या बंद. आणि बिलात 'क्लीनिंग फी' अशी वेगळी ओळ आहेच.

यातलं रास्त काय आणि अति काय? 'पैसे मोजलेत ना' आणि 'संस्कार असतात की नाही' ही दोन्ही उत्तरं माहीत आहेत, ती नकोत. कुठल्या कामाने नक्की कोणाचा किती वेळ वाचतो हे जाणकारांनी सांगावं.

शून्य_प्रहर
क्लीनिंग फी भरली की मी कपसुद्धा विसळणार नाही. विषय संपला.

पंक्चर
'विषय संपला' हा प्रतिसाद दुसऱ्याच नंबरला आला म्हणजे धागा लांबणार. खुर्ची ओढून बसलोय.

तीन_बेडरूम
मालकाच्या बाजूने आधी वेळेचं गणित मांडतो, मग कागद का लांबतो ते कळेल.

चेकआउट ११ ला, पुढच्यांचं चेक-इन ३ ला. हातात चार तास. तीन बेडरूम म्हणजे तीन डबल बेडच्या चादरी, तीन दुलईच्या खोळी, निदान बारा अभ्रे, सहा मोठे टॉवेल, सहा छोटे, पायपुसणी. हे ८ किलोच्या मशीनमध्ये एका खेपेत मावत नाही, तीन खेपा लागतात. ६० अंशांवरची एक खेप दीड ते दोन तास, ड्रायर वर तासभर. म्हणजे धुणं त्याच दिवशी त्याच घरात करायचं ठरवलं तर चार तासांत ते होऊच शकत नाही, पाहुण्यांनी पहिली खेप सकाळी लावली तरीही.

म्हणून नीट चालवलेल्या घरात प्रत्येक बेडचे तीन संच असतात : एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. मळलेला संच पिशवीत भरून बाहेर जातो, कपाटातला अंथरला जातो. ज्याने हे जादाचे संच घेतलेले नाहीत तोच पाहुण्यांना मशीन लावायला सांगतो. त्यामुळे कागदावर 'चादरी मशीनला लावा' दिसलं की समजा, मालकाने खर्च वाचवलाय आणि त्याची भरपाई तुमच्या सकाळच्या वेळातून चाललीय.

शून्य_प्रहर
मालकच माझ्या बाजूने बोलतोय. धन्यवाद.

तीन_बेडरूम
फक्त चादरींपुरतं. कपाबद्दल अजून बोललो नाहीये.

उंबरठा
सफाईच्या टीम चालवणाऱ्याच्या नजरेने सांगते. पाहुण्यांनी मारलेला झाडू आणि पुसलेली फरशी जवळजवळ पूर्ण वाया जाते.

सफाई वरून खाली होते. आधी पंखे, कपाटांचे वरचे भाग, दिव्यांच्या शेड, मग ओटा-टेबलं, मग बेड, आणि फरशी सगळ्यात शेवटी, आतल्या खोलीपासून दाराकडे मागे मागे सरकत. बेड बदलताना दुलई झटकली की केस आणि धागे खाली पडतात. तुम्ही सकाळी कितीही चकचकीत फरशी केलीत तरी दुपारी ती परत पुसावीच लागते. बाथरूमचंही तसंच. जंतुनाशक मळक्या पृष्ठभागावर नीट काम करत नाही, म्हणून आधी साबणाने धुवायचं, मग औषध मारायचं, आणि लेबलवर लिहिलेली मिनिटं ते ओलं राहू द्यायचं. मारलं आणि लगेच पुसलं तर फक्त वास राहतो. पाहुण्यांनी हे केलंय की नाही हे टीमला बघून कळत नाही, त्यामुळे सगळं पहिल्यापासून.

वेळ कशाने वाचतो? वाळून कडक झालेली भांडी नसली तर. सिंक भरून भांडी असली की अर्धा-पाऊण तास सहज जातो, आणि तोवर ओट्याला हातच लावता येत नाही. कचरा बांधलेला असला, सामान एका खोलीत गोळा केलेलं नसून खरंच बाहेर गेलेलं असलं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे लोक ११ ला ११ लाच निघाले तर. सव्वाबारापर्यंत सोफ्यावर बसून घर लख्ख पुसणाऱ्या सज्जन कुटुंबापेक्षा पावणेअकराला पसारा टाकून गेलेले परवडतात.

मोजून_चमचे
+१. शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा.

गाळणी
उंबरठा ताई, मग चादरी काढून ठेवाव्यात की नाही? अर्धे लोक म्हणतात काढणं शिष्टाचार आहे.

उंबरठा
सांगितलं नसेल तर काढू नका. सरावलेल्या हाताला एक बेड सोडवायला दोन-तीन मिनिटं लागतात, त्यामुळे वाचणारा वेळ किरकोळ. उलट नुकसान होतं. चादर अंथरलेली असली की डाग कुठे आहे ते दिसतं, आणि तो खाली प्रोटेक्टरपर्यंत (गादीवरच्या संरक्षक खोळीपर्यंत), गादीपर्यंत उतरलाय का ते लगेच उचलून बघता येतं. चादरींचं गाठोडं करून कोपऱ्यात टाकलं की डाग आत गुंडाळला जातो, धुताना सापडत नाही, ड्रायरच्या उष्णतेने पक्का बसतो. मग ती चादर बादच. शिवाय उत्साहाच्या भरात लोक चादरीबरोबर प्रोटेक्टर आणि उशांची आतली आवरणंही काढतात. ती दर वेळी बदलायची नसतात, पण काढलीत म्हणजे परत चढवणं आलं.

न वापरलेला बेड मात्र तसाच ठेवा, आणि कागदावर किंवा मेसेजमध्ये 'डावीकडची खोली वापरली नाही' एवढं कळवा. तरी टीम तपासणारच, पण कुठून सुरू करायचं ते ठरतं.

ओली_चादर
माझ्या नावाला जागून टॉवेलांबद्दल लिहितो. ओले टॉवेल हा या सगळ्यातला खरा खलनायक आहे.

ओला टॉवेल लाकडी फरशीवर किंवा गादीवर पडला की काही तासांत डाग धरतो, लाकूड फुगतं. चादरींच्या ढिगात घातला तर अख्खा ढीग दमट होतो, कुबट वास येतो, आणि दमट ढीग पिशवीत रात्रभर राहिला तर काळे ठिपके. ते ठिपके बुरशीचे, साध्या धुण्याने जात नाहीत. रंगीत टॉवेल पांढऱ्या चादरीला लागून राहिला तर रंगही उतरतो. म्हणून वापरलेले सगळे टॉवेल शॉवरच्या तळाशी किंवा टबमध्ये टाकायचे. तिथे पाणी निथळतं, आणि टीमला मोजायलाही सोपं. न वापरलेले रॅकवरच राहू द्या.

मेकअप पुसायला पांढरा टॉवेल वापरू नये हे सगळ्यांना माहीत असतं. कमी जणांना माहीत असलेलं : मुरुमांच्या बऱ्याच क्रीममध्ये बेंझॉइल पेरॉक्साइड असतं, ते रंगीत टॉवेल-अभ्र्याचा रंगच उडवतं. तिथे डाग पडत नाही, कापड फिकट होतं, त्यामुळे कुठल्याच धुण्याने परत येत नाही. बऱ्याच ठिकाणी सगळं कापड पांढरं असतं त्याचं हेही एक कारण.

रक्ताचा डाग पडला तर लगेच थंड पाणी. गरम पाण्याने प्रथिनं घट्ट होतात आणि डाग कायमचा बसतो. थंड पाण्यात भिजवून ठेवलं आणि तसं सांगितलं की तुमचं काम झालं.

पंक्चर
या प्रतिसादानंतर कोणाला टॉवेलकडे बघून अपराधी वाटलं त्यांनी हात वर करा.

शून्य_प्रहर
मुद्द्यावर या. फी कशाची घेतात मग?

तीन_बेडरूम
फीचा मोठा भाग धुलाई आणि सफाई करणाऱ्यांची मजुरी. ती मुक्कामागे असते, रात्रीमागे नसते, कारण एक रात्र राहिलात तरी चादरी तेवढ्याच बदलतात आणि बाथरूम तेवढंच धुतात. त्यामुळे एका रात्रीला ती डोळ्यांत खुपते आणि दोन आठवड्यांना जाणवत नाही. काही मालक ती रात्रीच्या दरात मिसळतात. मग लांब मुक्काम करणारा जास्त भरतो आणि एका रात्रीवाल्याचं फावतं. दोन्हीकडून कोणीतरी नाराज.

काही ठिकाणी करारच वेगळा असतो : चादरी-टॉवेल स्वतःचे आणा, शेवटची सफाई स्वतः करा, नाहीतर ती वेगळे पैसे देऊन घ्या. तिथे झाडू-पोछा तुमच्याच गळ्यात आहे, त्यात अन्याय काही नाही, कारण तुम्ही ती फी भरलेलीच नाही. बोंब होते ती फीही घेतली आणि कामंही सांगितली तेव्हा.

फुकटचा_सल्ला
याला एक आधार देतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये एअरबीएनबी या घरं भाड्याने मिळण्याच्या संस्थळाचे प्रमुख ब्रायन चेस्की यांनी जाहीर भूमिका घेतली होती. चादरी काढणं, कपडे धुणं, व्हॅक्यूम करणं अशी अवास्तव कामं पाहुण्यांना सांगू नयेत. दिवे बंद करणं, खाण्याचं उरलंसुरलं कचऱ्यात टाकणं, दारं लावणं रास्त. आणि जी काही कामं सांगायची ती बुकिंगच्या आधी दिसली पाहिजेत. धागाकर्त्याच्या यादीतली निम्मी पहिल्याच ओळीत उडाली.

'बुकिंगच्या आधी' हे महत्त्वाचं. घराच्या पानावर घराचे नियम आणि चेकआउटच्या सूचना आधी वाचा. न पटणारं काही असलं तर तेव्हाच विचारा. पोहोचल्यावर फ्रिजसमोर उभं राहून हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

उंबरठा
शून्य_प्रहर यांच्यासाठी एक माहिती. सफाई करणाऱ्यांना बहुतेक वेळा घरामागे ठरावीक रक्कम मिळते, तासामागे नाही. घर दोन तासांत झालं काय आणि साडेतीन तासांत झालं काय, हातात पडतं तेवढंच. तुम्ही कप विसळला नाहीत म्हणून मालकाचं काही जात नाही. पुढच्या घरी वेळेवर पोहोचायचं असतं त्या बाईचा तो वेळ जातो.

शून्य_प्रहर
हा मुद्दा मान्य. पण तो मालकाने सोडवायचा आहे, तासावर पैसे द्या म्हणावं. कप विसळेन. फरशी नाही.

मोजून_चमचे
चला, कपावर तह झाला. आता डिशवॉशर, कारण तिथे सगळ्यात जास्त घोळ होतो.

'निघताना डिशवॉशर सुरू करून जा' ही सूचना ऐकायला छान. पण इको प्रोग्राम तीन तासांच्या पुढे चालतो. तुम्ही १०.५५ ला बटण दाबलंत, टीम ११.१५ ला आली, तर भांडी दोन वाजेपर्यंत अडकली. मध्येच उघडली तर ओली, साबणाची. म्हणून सकाळचं खाणं झालं की लगेच, सामान भरायच्या आधी, छोटा प्रोग्राम लावा. तास-सव्वा तासात होतो, तुमच्या डोळ्यांसमोर होतो. रिकाम्या घरात पाण्याचं मशीन चालू ठेवणं मलाही पटत नाही. पाइप सुटला तर बघायला कोणी नाही, आणि कित्येक मालक याच कारणासाठी स्पष्ट नाही म्हणतात.

गोळ्या संपल्या म्हणून भांडी घासायचं लिक्विड घालू नका. एक चमचाभर पुरतं, दारातून फेस बाहेर येतो, फरशीखाली जातो. झालंच तर प्रोग्राम रद्द करून पाणी उपसा, फेस वाटीने काढा, तळात मूठभर मीठ किंवा थोडं व्हिनेगर टाका, त्याने फेस बसतो, मग नुसत्या पाण्याचं चक्र एक-दोनदा. आणि मालकाला सांगा.

बिडाचा तवा, लाकडी पोळपाट-पाट, धारदार सुऱ्या आत घालायच्या नाहीत. बीड गंजतं, लाकूड तडकतं, सुरीची धार जाते.

गाळणी
छोटा प्रोग्राम तेलकट भांड्यांना पुरत नाही असा माझा अनुभव.

मोजून_चमचे
वाळलेल्या तेलाला पुरत नाही. म्हणून रात्रीची भांडी रात्री लावा, सकाळी फक्त कप-ताटल्या उरतात. डिशवॉशरच नसेल तर रात्रीच पाण्यात भिजत घाला. वाळलेला स्टार्च आणि अंडं काढणं ही सगळ्यात वेळखाऊ घासणी आहे, भिजवलं की दोन मिनिटांत निघतं. आणि धुतलेली भांडी पुसून कपाटात घालायची गरज नाही. तुम्ही चुकीच्या कपाटात घालता, मग पुढचे पाहुणे 'गाळणी नाही' म्हणून फोन करतात.

गाळणी
माझ्या नावाचा असा वापर होईल असं वाटलं नव्हतं.

चिमटा
बार्बेक्यूच्या राखेकडे कोणी वळलं नाही म्हणून लिहितो, कारण या यादीतलं सगळ्यात धोक्याचं काम तेच आहे.

कोळसा वरून राखाडी आणि थंड दिसतो तेव्हाही आत धग असते. ती चार दिवसांपर्यंतही टिकू शकते. आदल्या रात्री बार्बेक्यू करून सकाळी राख प्लॅस्टिकच्या कचरापेटीत टाकली तर पेटी पेटते, शेजारी भिंत किंवा गाडी असली तर तीही. व्हॅक्यूमने ओढली तर पिशवीतला कचरा पेट घेतो. त्यामुळे 'राख काढा' असं लिहिणाऱ्या मालकाने झाकणाचा पत्र्याचा डबा दिलेला नसेल तर राख काढू नका. झाकण लावा, झडपा बंद करा, तसंच सोडा आणि कळवा. जाळी गरम असतानाच ब्रशने एकदा घासली तर पुरेसं आहे. थंड जाळी घासायला तिप्पट वेळ लागतो.

गॅसची बार्बेक्यू असेल तर आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, नळीतला गॅस जळून जाऊ द्या, मग बटणं बंद.

पंक्चर
म्हणजे यादीतल्या एका कामाने घर स्वच्छ होण्याऐवजी घरच नाहीसं होण्याची सोय आहे.

नळपट्टी
मोरी आणि सिंकबद्दल. पाहुण्यांनी खरंच करावं असं, पण कुठल्याच कागदावर नसतं असं काम : शॉवरच्या जाळीवरचे केस टिश्यूने उचलून कचऱ्यात टाका. दहा सेकंद. आत ढकललेत तर साबणाच्या चिकट्याबरोबर त्यांची गुठळी होते आणि पुढच्या पाहुण्यांना घोट्यापर्यंत पाण्यात उभं राहावं लागतं.

समुद्रकिनाऱ्यावरचं घर असेल तर पाय बाहेरच्या नळावर धुवा. वाळू पाण्याबरोबर वाहून जात नाही, पाइपच्या वळणात बसते. लाकडी फरशीवर पायाखाली आली तर सँडपेपरचं काम करते.

तेल सिंकमध्ये ओतू नका, वर गरम पाणी सोडलं तरीही. गरम असताना पुढे सरकतं, थोडं लांब जाऊन गार होतं आणि तिथे थिजतं. जिथे हात पोहोचत नाही तिथे. तव्यातच गार होऊ द्या, कागदाने पुसून कचऱ्यात टाका. आणि ओले वाइप्स, पाकिटावर 'फ्लश करता येतात' लिहिलेलं असलं तरी, संडासात नाही. टॉयलेट पेपर पाण्यात सुटतो, वाइप्सचे तंतू सुटत नाहीत. सेप्टिक टाकी असलेल्या घरात तर मुळीच नाही.

आणि पाणी हळू जायला लागलं असेल तर ते सांगून जा. तुंबलेली नळी मोकळी करायचं आम्ल स्वतः ओतू नका.

चिमटा
नळपट्टीच्या शेवटच्या ओळीला ठळक करा. पाहुण्यांनी ब्लीचला हात लावूच नये असं माझं ठाम मत आहे. ब्लीच आणि संडास साफ करायचं आम्लवालं द्रावण एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो, ब्लीच आणि अमोनियावालं काचेचं द्रावण एकत्र आलं की क्लोरामाइन. बंद बाथरूममध्ये दोन्ही वाईट. तुम्ही सकाळी ब्लीच टाकून गेलात, टीमने दुपारी न सांगता आम्ल टाकलं, तरी तेच.

ओली_चादर
चांगल्या हेतूने केलेल्या नुकसानात अजून भर : संगमरवरावर व्हिनेगर किंवा लिंबू. आम्लाने दगड खरवडला जातो, निस्तेज पांढुरके डाग पडतात, ते पॉलिश केल्याशिवाय जात नाहीत. काचेच्या शेगडीवर तारेचा स्क्रबर. आणि मेलामाइनचा पांढरा स्पंज भिंतीवर. मुलांनी काढलेली रेघ त्याने निघते, पण तो अतिबारीक सँडपेपरच आहे, त्यामुळे रंगाची झळाळी तेवढ्या जागी बदलते. रेघ बोटभर होती, आता हातभर गोल दिसतो, आणि उजेड तिरका पडला की कुठूनही दिसतो. रेघ तशीच ठेवून कळवली असती तर बरं.

अर्धवट_बॅग
वाचतोय. म्हणजे निष्कर्ष असा दिसतोय की 'करू नका'ची यादी 'करा'पेक्षा लांब आहे?

तीन_बेडरूम
बरोबर. दोन निकष लावून बघा. तुमच्या निघण्यापासून टीम येईपर्यंत जे आणखी बिघडत जातं ते तुम्ही करा : ओला कचरा, खरकटी भांडी, ओले टॉवेल, फ्रिजमधली उघडी पाकिटं, उघडी खिडकी. आणि जे फक्त तुम्हालाच माहीत आहे ते सांगा : काय फुटलं, काय तुंबलं, कुठे डाग पडला, कुठला दिवा गेला. बाकीचं फीमध्ये आलं.

फ्रिज आतून पुसायची गरज नाही, काही सांडलं असेल तेवढं पुसा. आणि न सांगता फ्रिज बंद करू नका. बंद करून दार लावलं की आतल्या दमटपणाने काही दिवसांत बुरशी, आणि फ्रीझरमधला बर्फ वितळून पाणी फरशीवर. मालकाने बंद करायला सांगितलं असेल तर दार टॉवेल अडकवून उघडं ठेवा. कोरडा टॉवेल, ओली_चादर रागावतील.

ओली_चादर
नोंद घेतली आहे.

घंटागाडी
कचऱ्यावर थोडं. बांधून दाराबाहेरच्या किंवा आवारातल्या पेटीत टाकणं रास्त. कोपऱ्यावरची कुंडी, तीही चार प्रकारांत वेगळं करून, हे पाहुण्यांवर लादायचं असेल तर मालकाने आत तेवढेच डबे, त्यावर चित्रं, आणि जादा पिशव्या द्यायला हव्यात. एकच डबा देऊन शेवटच्या सकाळी वर्गीकरण मागायचं म्हणजे पाहुण्यांनी कचऱ्यात हात घालायचा. आणि कचऱ्याची गाडी कुठल्या दिवशी येते हे मालकाचं ज्ञान आहे, पाहुण्यांचं नव्हे.

डायपर वेगळ्या पिशवीत, गाठ मारून. पिशव्या काठोकाठ भरू नका, तीन चतुर्थांश भरली की बांधा, नाहीतर जिन्यात फाटते.

फुटलेली काच : मोठे तुकडे जाड कागदात गुंडाळा, टेप लावा, वर 'काच' लिहा. बारीक कण झाडूने निघत नाहीत, ओल्या टिश्यूने टिपा, तो टिश्यूही त्याच पुडीत. मग खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च फरशीला टेकवून आडवा फिरवा, राहिलेले कण चमकतात. आणि कुठल्या खोलीत फुटलं ते सांगा, कारण टीममधले लोक अनवाणी काम करतात. पिशवी उचलताना हात कापला की त्या दिवसाचं काम संपलं.

उंबरठा
घंटागाडी यांना दंडवत. टॉर्चची युक्ती टीमला शिकवते.

खडूस_काका
इतकं सगळं करून शेवटी रिव्ह्यूमध्ये तीन तारे देतात ते वेगळंच. फोटो काढून ठेवा रे बाबांनो.

फुकटचा_सल्ला
काकांचं बरोबर आहे, फोटो हवेतच. निघताना दारातून आत, प्रत्येक खोलीचा एक, ओट्याचा एक, सिंकचा एक, बाथरूमचा एक, आणि उघड्या फ्रिजचा एक. शक्यतो सलग व्हिडिओ, दार बंद करून चावी डब्यात टाकेपर्यंत. एअरबीएनबीवर मालकाला नुकसानभरपाईची मागणी चेकआउटनंतर १४ दिवसांत करता येते, आणि रिव्ह्यू लिहायची मुदतही १४ दिवसांचीच, म्हणून तोवर फोटो उडवू नका. आल्या आल्याही एक फेरी काढा. आधीचा ओरखडा, आधीचा डाग, त्याच दिवशी ॲपवरच्या मेसेजमधून पाठवा. तोंडी किंवा दुसऱ्या ॲपवर सांगितलेलं दाखवायला अवघड जातं.

काही फुटलं तर निघायच्या आधी सांगा. टीमने शोधून काढलेली फुटकी वस्तू आणि तुम्ही सांगितलेली फुटकी वस्तू यांची किंमत सारखी असली तरी रिव्ह्यू वेगळा येतो. गादी उलटी करून डाग लपवणाऱ्यांना तर सांगतो, गादी उलटी करून बघणं हे टीमच्या कामातच असतं.

तीन_बेडरूम
धागाकर्त्याच्या कागदावरून मालकांसाठी नवा कागद लिहून बघितला. क्रम निघण्याचाच ठेवलाय :

'खाणं झालं की भांडी डिशवॉशरमध्ये, छोटा प्रोग्राम. फ्रिजमधलं उघडं असलेलं सगळं टाका, कचरा बांधून दाराजवळच्या पेटीत. ओले टॉवेल शॉवरमध्ये, बेडला हात लावू नका. एसी, गॅस, खिडक्या बंद. काही फुटलं-तुंबलं असेल तर आत्ता मेसेज करा. ११ वाजता निघा.'

चौघांच्या कुटुंबाला वीस मिनिटं. याहून जास्त लागत असेल तर काम मालकाचं आहे.

खडूस_काका
फर्निचर राहिलं. लोक जेवायला टेबल ओढून गॅलरीत नेतात आणि तिथेच सोडतात.

तीन_बेडरूम
खरं आहे, घातलं. पण उचलून आणा, ओढून नाही. ओरखडे जाताना एकदा आणि येताना एकदा पडतात.

शून्य_प्रहर
वीस मिनिटांचा कागद मान्य. टॉवेल शॉवरमध्ये, कप विसळलेला, टेबल उचलून. माझी एवढी शरणागती या संस्थळावर पहिल्यांदाच झाली असावी.

पंक्चर
स्क्रीनशॉट काढला आहे.

नवा_भिडू
उशिरा आलो. चावी नंबरच्या डब्यात टाकायची असते तिथे काही विसरायला होतं का?

उंबरठा
दोन गोष्टी. डबा बंद केल्यावर आकडे फिरवून ठेवा, पुष्कळ जण नंबर लावलेलाच सोडतात आणि मग तो डबा कोणीही उघडू शकतं. आणि चावी आत टाकायच्या आधी दुसऱ्याला बाथरूमच्या दारामागचा हूक, चार्जिंगचे सॉकेट आणि पलंगाखाली बघायला पाठवा. चार्जर मागे राहिला की तुम्ही फोन करणार, टीम परत जाणार, आणि तोवर घरात पुढचे पाहुणे आलेले असतात.